बिलावर 'बॉटल पाम', झाड भलतंच: सोसायटीतली झाडं ओळखायला मदत हवी

गच्चीवरची_तुळस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोसायटी पिंपरी-चिंचवडमध्ये, साधारण बारा वर्षं जुनी. झाडांना नावाच्या पाट्या लावायचं कमिटीने ठरवलंय. झाडं बिल्डरच्या काळातली, हाताशी फक्त नर्सरीचं जुनं बिल, आणि बिलाचा नि झाडांचा मेळ बसत नाही. पाट्या रंगवायला देण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

१) गेटपासून क्लबहाऊसपर्यंत रांगेत १४ पाम, बिलात 'बॉटल पाम'. खोड राखाडी, गुळगुळीत, मध्यावर फुगीर. उंची दुसऱ्या मजल्याच्या वर. पानांच्या खाली चार-पाच फूट हिरवंगार चकचकीत नळकांडं. मागच्या महिन्यात एक झावळी गाडीच्या बॉनेटवर पडली, पत्रा दबला.

२) क्लबहाऊसच्या दारात एकच बुटका पाम, बिलात नाहीच. बुंधा रांजणासारखा, वर एकदम निमुळता. पानं मोजून पाच.

३) भिंतीलगत 'अरेका पाम ३०'. पण निम्म्या बेटांची पानं टोकाला कुरतडल्यासारखी आहेत. माळीदादा फवारणी करू म्हणतात.

४) शेजारी-शेजारी दोन मोठी झाडं, दोन्हींची पानं बारीक. बिलाप्रमाणे एक गुलमोहर, एक जॅकरांडा. आता नोव्हेंबरात दोन्हींवर फूल नाही. कुठलं कुठलं?

५) 'ताम्हण' सहा. फुलं गुलाबी-जांभळी उमलतात आणि पांढरी पडत जातात.

६) देवळापाशी 'आपटा'. दसऱ्याला सगळे याचीच पानं तोडतात. सध्या मोठी गुलाबी फुलं आहेत.

---

हिरवा_कट्टा

१ नंबर सरळ आहे. खोड मध्ये फुगलेलं म्हणजे स्पिंडल पाम. बॉटल पाम बुडाशी फुगतो, स्पिंडल मध्यावर. बाकीचं जाणकार सांगतील.

---

माड_पोफळ

वरचा निकष बॉटल आणि स्पिंडल या दोघांतच चालतो. इथे तिसराच गडी आहे. नुसत्या फुगवट्यावरून पाम ओळखू नका. लावताना पाणी-खत कसं मिळालं, मध्ये एखादं कोरडं वर्ष गेलं का, त्यावर खोडाची जाडी खालीवर होते. खोडावर ज्या रेघा दिसतात त्या गळलेल्या पानांच्या खुणा, वय नव्हे.

तुमचा १ नंबर रॉयल पाम, रॉयस्टोनिया रेजिया, मूळ क्युबा आणि आसपासचा. महाराष्ट्रात नर्सरीवाले आणि कंत्राटदार यालाच सर्रास 'बॉटल पाम' म्हणतात. चूक इतकी रुळली आहे की खरा बॉटल पाम दाखवला तर लोक त्याला वेगळं नाव शोधतात.

खात्री अशी करा. ते हिरवं नळकांडं म्हणजे पानांच्या बुडांची एकात एक घट्ट गुंडाळी. पोफळीची विरी आठवा, तेच. रॉयलमध्ये ती मोठ्या झाडाला चार-सहा फूट लांब भरते. फुलांची पोय या नळकांड्याच्या बरोब्बर खाली, खोडाला धरून येते, नारळासारखी पानांच्या बेचक्यात नाही. एका पोयीत बोरापेक्षा लहान, जेमतेम सेंटिमीटरभर फळं शेकड्याने, पिकली की जांभळट काळी. पान तीन-चार मीटर लांब आणि पर्णिका (पानाच्या सुट्या पात्या) एका पातळीत न बसता वर-खाली अशा ओळींत, म्हणून झावळी पिंजारलेली दिसते. स्पिंडल पाम दोन मजले सहसा गाठत नाही आणि त्याच्या डोक्यावर पानंही मोजकी, पाच ते दहा. रॉयलच्या मुकुटात पंधराच्या आसपास असतात.

बॉनेटचं उत्तरही यातच आहे. रॉयल पाम स्वतःच पान टाकतो, मोठं झाड सरासरी महिन्याला एक. ओली झावळी विरीसकट पंधरा-वीस किलोपर्यंत भरू शकते आणि सरळ खाली येते. त्या रांगेखाली पार्किंग ठेवूच नका. पडू नये म्हणून हिरवी पानं आधीच छाटायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शेंडा बारीक होत जातो आणि त्याच जागी खोडाला कायमची 'कंबर' पडते. सर्वांत खालचं पान पिवळं पडून विरी खोडापासून सुटायला लागली की शिडी लावून ते एकच उतरवायचं.

२ नंबर हाच खरा बॉटल पाम, हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावरचा. जंगलात फारच थोडा उरलाय, बागांमधून मात्र जगभर. पानं चार ते आठच असतात, तेव्हा पाच म्हणजे निरोगी. पान कमानीसारखं वाकतं आणि पर्णिका मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना वर उचललेल्या, उघड्या पुस्तकासारख्या. पोयींचे कोंब नळकांड्याखाली शिंगांसारखे वर आलेले दिसतात. वाढ अतिशय सावकाश. बिलात नसलेलं झाड तुमच्या बागेतलं सगळ्यात किमती निघालं म्हणायचं. त्याच्या पाचांतलं एकही हिरवं पान कुणी तोडता कामा नये.

३ नंबर, फवारणी थांबवा. ती कीड नाही, ती जातच वेगळी. पूर्ण सरळ टोकांच्या पर्णिकांची बेटं खऱ्या 'अरेका पाम'ची, म्हणजे डिप्सिस ल्युटेसेन्स, मूळ मादागास्कर. कुरतडल्यासारखी टोकं असलेली मॅकआर्थर पामची, टायकोस्पर्मा मॅकआर्थुरी, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाकडचा. टोक कात्रीने आडवं-तिडवं कापल्यासारखं असतं, पण कडा हिरवी आणि स्वच्छ, आणि प्रत्येक पर्णिकेला तसंच. किडीने खाल्लं असतं तर कडा तपकिरी झाली असती आणि एखादं पान सुटलं असतं. फळं आली की शंकाच नाही. मॅकआर्थरची लालभडक, डिप्सिसची पिवळट-केशरी ते काळपट.

देठांच्या पिवळ्या रंगावर मात्र विसंबू नका. अरेका सावलीत असेल तर देठ हिरवेच राहतात, पिवळे होतात ते उन्हात. उलट देठांवर बारीक काळे ठिपके दिसले तर तो खवल्या कीटक समजून पुसत बसू नका. अरेकाला ते जन्मजात असतात. नखाने खरवडून पाहा, कीटक असेल तर टिकली निघून येईल आणि खाली ओल दिसेल.

पाटीवर 'सुपारी' लिहू नये हे सांगायला नकोच. अरेका हे पोफळीचं शास्त्रीय नाव, पण बाजारातला अरेका पाम ही पोफळ नव्हे. पोफळ एकखोडी, सरळसोट. शास्त्रीय नाव घालणार असाल तर आणखी एक गंमत: २०२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी या पामचं नाव पुन्हा जुनं, क्रिसॅलिडोकार्पस ल्युटेसेन्स असं केलं. दोन्ही नावं पुस्तकांत सापडतील, कुठलंही लिहा.

---

पानोपानी

पाम झाले, आता ४, ५, ६.

चौथ्यासाठी फुलाची वाट पाहायची गरज नाही. एक फांदी खाली ओढा आणि पानं फांदीला कशी चिकटलीत ते बघा. गुलमोहराची पानं एकाआड एक, एक या बाजूला, पुढचं त्या बाजूला. जॅकरांडाची समोरासमोर, जोडीने. ही खूण बारमाही आहे आणि चुकत नाही. पानगळीत नुसती फांदी असली तरी पानांचे वण जोडीने आहेत की एकटे ते दिसतं.

मग पर्णिका पाहा. गुलमोहराची पर्णिका लांबट आणि टोकाला गोलसर. जॅकरांडाची टोकदार, आणि पानाच्या प्रत्येक उपशाखेच्या शेवटी एक एकटी पर्णिका बाकीच्यांपेक्षा मोठी, भाल्यासारखी पुढे आलेली. कोवळ्या गुलमोहराच्या देठाच्या बुडाशी दोन बाजूंना छोट्या पिसासारखी, स्वतःच फाटे फुटलेली उपपर्णं असतात. भिंग नको, डोळ्यांना दिसतात.

खाली जमिनीवर शोधा. दीड-दोन फूट लांब, जाड, तलवारीसारखी काळपट शेंग म्हणजे गुलमोहर. दोन इंचाची चपटी गोल लाकडी डबी, दोन झाकणांत उघडलेली, म्हणजे जॅकरांडा. आणि बोटाएवढी लांब, तांबूस, दोन्ही कडांना पातळ पंख असलेली चपटी शेंग सापडली तर तिसरीच शक्यता जमेस धरा: पेल्टोफोरम, आपली ताम्रशेंग. पुण्यात तिला 'पिवळा गुलमोहर' म्हणून खपवतात. पानं गुलमोहरासारखीच एकाआड एक, म्हणून पहिली कसोटी इथे अपुरी पडते. पण ताम्रशेंगेचे कोवळे शेंडे आणि कळ्या गंजाच्या रंगाच्या मखमलीने झाकलेल्या असतात, बोटाला लागतात. गुलमोहराचे शेंडे हिरवे.

ताम्हणाबाबत तुमची शंका बरोबर आहे. आपल्या राज्यपुष्पाचं, लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसाचं फूल दोन ते तीन इंच रुंद, सहा चुणीदार पाकळ्या, जांभळा रंग. तोही जुना झाला की थोडा फिका होतो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. पण एकाच तुऱ्यात खाली पांढरी, मध्ये फिकी गुलाबी, वर गडद, अशी तीनतीन छटांची फुलं असतील आणि फूल दीड इंचाच्या पलीकडे जात नसेल, तर ती लॅगरस्ट्रोमिया फ्लोरिबंडा. बाजारात 'थोरेली' नावाने येते. कळीवर आणि देठावर गंजकट बारीक लव आहे का पाहा. असेल तर थोरेलीच. बहर कधी येतो तेही माळीदादांना विचारा. आपलं ताम्हण एप्रिल ते जून, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे ऐन भरात. थोरेली पावसाळ्यातही फुलत राहते, म्हणूनच रस्त्याकडेला लावायला कंत्राटदारांना आवडते. वाईट झाड नाही, फक्त पाटीवर 'महाराष्ट्राचं राज्यपुष्प' लिहू नका. ते तेवढं एक झाड चुकलं तर शाळेची पोरंसुद्धा चूक पाठ करतील.

सहावा कांचन आहे, आपटा नव्हे. आपट्याचं पान लहान, दीड-दोन इंचांचं, जाडसर, आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं पान तळहाताएवढं, पातळ. आपट्याची फुलं बारीक, पांढरट पिवळी, अरुंद पाकळ्यांची. मोठी गुलाबी फुलं आपट्याला येतच नाहीत.

कुठला कांचन हे फूल हातात घेऊन ठरेल. परागकण असलेले पुंकेसर मोजा. तीन असतील, पाकळ्या अरुंद आणि एकमेकींपासून सुट्या, आणि बहर आता थंडीच्या तोंडावर, झाडावर पानं असताना, तर देवकांचन, बाउहिनिया पर्प्युरिया. पाच पुंकेसर, रुंद पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, आणि बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण झाडावर, तर बाउहिनिया व्हेरिगाटा. पाच पुंकेसर, फूल गडद किरमिजी, आणि वर्षानुवर्षं एकही शेंग नाही, तर हाँगकाँगचा ब्लेकियाना. तो संकर आहे, बी धरत नाही. तुमच्या वर्णनावरून मी देवकांचनावर पैज लावीन, पण पुंकेसर मोजल्याशिवाय पाटी नको.

---

गच्चीवरची_तुळस

सगळ्यांचे आभार. आज फिरून तपासलं.

चौथ्यातलं एक नक्की जॅकरांडा, पानं जोडीने आणि गोल डबी खाली पडलेली. दुसऱ्याची पानं एकाआड एक, पण शेंड्याला तपकिरी मखमल, आणि शेंगा तांबूस, पातळ. म्हणजे बिलातला गुलमोहर ताम्रशेंग निघाला. कांचनाचे पुंकेसर तीन. ताम्हणाच्या सहाही झाडांच्या उरल्यासुरल्या कळ्यांवर लव आहे.

एक नवीन घोळ: १४ पैकी शेवटचे दोन पाम इतरांपेक्षा बुटके, खोड सडपातळ, आणि झावळी सगळीकडून केसाळ, बाटली घासायच्या ब्रशसारखी. खाली कोंबडीच्या अंड्याएवढी केशरी फळं. आणि बी विंगच्या कोपऱ्यात 'खजूर' लिहिलेली दोन झाडं आहेत, त्यांना कधी खजूर लागलेला कुणी पाहिला नाही.

---

माड_पोफळ

शेवटचे दोन फॉक्सटेल पाम, वोडिएशिया बायफरकाटा. रॉयलचं पानही पिंजारलेलं असतं, त्यामुळे लहान वयात दोघांत गल्लत होते आणि ट्रकमधून एकत्र उतरतात. फरक पर्णिकेच्या टोकात. रॉयलची टोकं निमुळती, फॉक्सटेलची फाटकी, चावल्यासारखी. शिवाय फॉक्सटेलच्या पर्णिका दांड्याभोवती गोल फिरलेल्या, रॉयलच्या ओळींत. फळ तर सगळ्यात सोपं: रॉयलचं वाटाण्याएवढं, फॉक्सटेलचं दोन इंचांचं, आत काळ्या धाग्यांनी वेढलेली कठीण बी. हा पाम ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या केप मेलव्हिल भागातला. शास्त्रात त्याची नोंद १९८३ ची, इतका अलीकडचा, आणि चाळीसेक वर्षांत जगभरच्या सोसायट्यांत पोचला. पान हलकं, त्यामुळे गाड्यांना त्रास कमी.

बी विंगसाठी आधी पर्णिकेचा पाया बघा. मधल्या दांड्याला जिथे जुळते तिथे ती पन्हाळीसारखी उताणी, पाणी साठेल अशी दुमडलेली असेल आणि देठाच्या बुडाशी पर्णिकांचे लांब काटे झालेले असतील, तर फिनिक्स कुळी नक्की. नारळ, रॉयल, अरेका या सगळ्यांची घडी याच्या उलट, कौलासारखी उपडी. मग शिंदी की खजूर एवढंच उरतं. बुंध्यापाशी पिल्लं फुटलेली आणि पानं निळसर करडी, ताठ असतील तर खजूर. एकच खोड, त्यावर गळलेल्या पानांच्या शंकरपाळ्यांसारख्या खुणा, आणि डोक्यावर पानांचा भरगच्च गोल चेंडू असेल तर आपली शिंदी, फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. फळ न लागण्याचं कारण दोन्हीकडे सारखं असू शकतं. या कुळीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, दोन्ही नर निघाली तर जन्मभर वाट पाहा. काट्यांपासून पोरांना सांभाळा. काटा मोडून सांध्यात राहिला तर चिघळतो.

---

हिरवा_कट्टा

स्पिंडलबद्दल माझी चूक मान्य. एक विचारतो, मोबाइलच्या ॲपने फोटो काढून ही झाडं ओळखता येत नाहीत का?

---

पानोपानी

येतात, पण ॲपला काय दाखवता त्यावर आहे. लोक उभ्या झाडाचा एक फोटो काढतात. त्यात रॉयल, अलेक्झांड्रा आणि पोफळ सारखेच दिसणार. पामसाठी पाच फोटो हवेत: पानं आणि खोड जुळतात ती जागा, पोय कुठून निघते ते, एका पर्णिकेचं टोक, पानाची खालची बाजू, आणि फळ दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून (नाणं २७ मिलिमीटरचं, माप आपोआप मिळतं). खालची बाजू कशाला, तर अलेक्झांड्रा पामची पर्णिका खालून राखाडी-चंदेरी असते, त्या एका फोटोवर निकाल लागतो. फुलझाडासाठी फांदीसह पान घ्या. तुटकं पान निरुपयोगी, कारण समोरासमोर की एकाआड एक हेच त्यात हरवतं.

---

सुतळी_आणि_खिळा

ओळख झाली, आता पाटी कशी लावायची ते. खिळा कुठेच नको, पण पामला तर मुळीच नको. आंबा-वडासारख्या झाडाला सालीखाली वाढीचा थर असतो, जखम हळूहळू बुजते. पामला तो थरच नाही. आज मारलेलं भोक पन्नास वर्षांनीही भोकच राहतं आणि तिथून बुरशी आत जाते. लायटिंगच्या माळांसाठी रॉयलच्या खोडात ठोकलेले खिळे पुष्कळ सोसायट्यांत दिसतात, तेही काढून घ्या.

पामसाठी आणि अरेका-मॅकआर्थरच्या बेटांसाठी जमिनीत रोवलेली पाटी: अर्ध्या इंचाचा जीआय पाइप, अडीच फूट, त्यातला एक फूट जमिनीत, बुंध्यापासून दीड-दोन फूट लांब म्हणजे मुळं दुखावत नाहीत. पाटी तीन मिलिमीटरच्या एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) शीटची, सहा बाय चार इंच. फुलझाडांना पाटी बांधायची असेल तर स्टेनलेसची स्प्रिंग घालून प्लास्टिकचं कोटिंग असलेली तार, खोड आणि तार यांत दोन बोटं जातील इतकी सैल. दर जूनमध्ये एकदा सैल करायची. नुसती तार विसरली तर चार-पाच वर्षांत साल तिला गिळते आणि वरच्या भागाचा रसच अडतो. जॅकरांडा आणि ताम्रशेंग जोमात जाड होतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष.

मजकुरात आधी मराठी नाव मोठं, मग शास्त्रीय, मग मूळ ठिकाण. 'बॉटल पाम' हे नाव रहिवाशांच्या तोंडी बसलंय, तर रॉयलच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात 'याला चुकून बॉटल पाम म्हणतात' अशी ओळ घाला. नाहीतर महिनाभरात कुणीतरी पाटीच चुकली म्हणून तक्रार घेऊन येईल.

आणि बॉनेटच्या प्रकरणावरून कुणी रांगच तोडा म्हणालं, तर तो निर्णय कमिटीच्या हातात नाही. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली झाड तोडायला किंवा हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जात झाडाचं नाव लिहावं लागतं. तिथे 'बॉटल पाम' लिहून दिलंत आणि पाहणीला आलेल्यांना रॉयल दिसला, तर अर्ज परत येऊ शकतो.

---

गच्चीवरची_तुळस

शिंदीच आहे, दोन्ही. एकच खोड, शंकरपाळ्या स्पष्ट. रॉयलखालच्या सहा पार्किंग जागा उद्यापासून रिकाम्या करतोय, तिथे सायकल स्टँडसुद्धा ठेवणार नाही. देवळापाशी खरा आपटा लावायचं ठरतंय. कुंपणाजवळ दहा बाय दहा फूट जागा आहे, पुरेल ना?

---

पानोपानी

पुरेल. आपटा लहान चणीचा, वेडावाकडा वाढतो. जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतर लावा, दीड फुटाचा खड्डा. रोप घेताना पान बघून घ्या. नर्सरीत कांचनाची रोपंही 'आपटा' म्हणूनच मिळतात, आणि रोपाची पानं मोठ्या झाडापेक्षा थोडी मोठी असतात, तेव्हा रुंदी लांबीपेक्षा जास्त आहे का एवढंच मोजा.